बॅकला कोण विचारतं?

भातकापणी उरकली की तानसाच्या आसपासच्या गावांत टुर्नामेंटचे दिवस येतात. शेतं मोकळी होतात, पोरं धसकटं काढून मैदान करतात, बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात. पूर्वी फक्त क्रिकेट आणि कबड्डी असायची. मोबाइलवर सलाह आणि रोनाल्डो बघत वाढलेल्या पोरांनी आता फुटबॉलही आणलाय. सात-सात जणांचे संघ, दोन रात्री, हॅलोजनचे दिवे आणि रोख बक्षीस.

यंदाच्या टुर्नामेंटची मिटिंग गेल्या शुक्रवारी इशाच्या नमाजनंतर झाली. विषय पैशांचा. वर्गणी किती, ट्रॉफी किती उंच, पहिलं बक्षीस किती, बॅनरवर कुणाकुणाचे फोटो. तेवढ्यात मागे बसलेला एक पोरगा उठला. वय बावीस, आमच्या संघाचा बॅक. म्हणाला, "पहिल्या बक्षिसाचे पैसे यंदा मला द्या. मी कोचचा कोर्स करतो, डी लायसन्सचा. मग वर्षभर इथल्या पोरांना शिकवतो."

क्षणभर सगळे गप्प, मग हशा. कुणीतरी म्हणालं, "अरे, आधी एक गोल तरी मार!" मीही हसलो. चार बुकं शिकलेला म्हणून माझं मत विचारलं गेलं, तेव्हा मी सांगून टाकलं, "टुर्नामेंटने गाव जमतं, नाव होतं. कोर्सचं पुढच्या वर्षी बघू." पोरगा काही न बोलता खाली बसला.

घरी येताना माझं मलाच वाईट वाटायला लागलं. कारण ज्या माणसाचा खेळ आणि काम मी वीस वर्षं लांबून बघत आलो, तो माणूसही बॅकच होता आणि पुढे कोच झाला. आयुष्यभर मी ज्याचं कौतुक केलं, त्याच वाटेने जायला निघालेल्या पोराला मी खाली बसवलं होतं.

त्या माणसाचं नाव डेरिक पेरेरा.

गोल न मारणारा माणूस

फुटबॉल न बघणाऱ्या वाचकांना हे नाव माहीत नसेल. त्यात त्यांचा दोष नाही. बॅक किंवा स्टॉपर म्हणजे बचावपटू. गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं. जो गोल झालाच नाही, तो कुठल्या रकान्यात लिहायचा? नव्वद मिनिटांत वीस वेळा बॉल अडवला आणि एकदा चुकला, तर लोकांच्या लक्षात ती एकच चूक राहते.

पेरेरा गोव्याचे. वास्कोच्या साळगावकर क्लबचे बचावपटू म्हणून त्यांचं नाव झालं आणि भारताच्या संघाकडूनही ते खेळले. हा क्लब तेव्हा देशातला मातब्बर क्लब होता. १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षं साळगावकरने फेडरेशन कप जिंकला. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांची मक्तेदारी असलेल्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती.

बॅकमधून चांगले कोच का निघतात, याचं एक साधं कारण आहे. फॉरवर्डची पाठ आपल्याच संघाकडे असते. बॅकला मात्र सगळं मैदान समोर दिसतं. कोण दमलंय, कोण जागा सोडून भटकतंय, कुठे भोक पडलंय, हे त्यालाच आधी कळतं आणि ओरडून सांगावंही त्यालाच लागतं. म्हणजे खेळत असतानाच तो निम्मी कोचिंग करत असतो. जर्मनीचे बेकनबाउर १९७४ मध्ये कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकले आणि १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून. ते बचावपटूच होते.

आपल्याकडचं उदाहरण हैदराबादचं आहे. सय्यद नईमुद्दीन बचावपटू होते. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये त्यांच्या कर्णधारपदाखाली भारताने कांस्यपदक मिळवलं. पुढे ते भारताचे प्रशिक्षक झाले. त्यांना गुरूचा द्रोणाचार्य पुरस्कार १९९० मध्ये मिळाला आणि खेळाडूचा अर्जुन पुरस्कार त्यानंतर! आधी गुरू म्हणून मान, मग शिष्य म्हणून. बॅकची दखल किती उशिरा घेतली जाते, हे सांगायला आणखी पुरावा कशाला हवा?

मुंबईचा तो हंगाम

पेरेरांशी माझी ओळख कूपरेजच्या गॅलरीतली, म्हणजे एकतर्फी. २००५-०६ मध्ये मी मुंबईत नोकरीला होतो. आटगावहून कसारा लोकलने रोजची ये-जा. काम लवकर सुटलं की मी मंत्रालयाच्या मागे असलेल्या कूपरेज मैदानावर जायचो. गर्दी फार नसायची. शेजारी बसलेले बरेचसे माझ्यासारखेच नोकरदार, शिवाय गिरण्यांचा फुटबॉल पाहिलेले काही म्हातारे.

पेरेरा तेव्हा महिंद्रा युनायटेडचे कोच होते. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ ला सुरू झाली. पहिल्या नऊ हंगामांत पंजाब, कोलकाता आणि गोव्याचे क्लब जिंकले, मुंबईचा एकही नाही. २००५-०६ मध्ये महिंद्राने लीग जिंकली आणि त्याच मोसमात फेडरेशन कपही. संघात ब्राझीलचा बॅरेटो होता, घानाचा याकुबू होता, आपला स्टीव्हन डायस होता. नावं मोठी होती. पण माझ्या लक्षात राहिली ती त्या संघाची शिस्त. एक जण पुढे गेला की दुसरा त्याची जागा भरायचा. पुढच्या वर्षी हाच क्लब आशियातल्या एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

२०१० मध्ये कंपनीने हा संघ बंद केला. १९६२ पासून चालत आलेला क्लब एका निर्णयाने संपला. मुंबईच्या क्लबने देशाची लीग पुन्हा जिंकायला २०२०-२१ उजाडावं लागलं, तोही वेगळा क्लब, वेगळी लीग.

तोवर पेरेरा पुण्यात आले होते. २००७ मध्ये सुरू झालेल्या पुणे एफसीची सूत्रं त्यांनी २००९ मध्ये घेतली. बालेवाडीला खेळणारा हा क्लब त्यांच्या हाताखाली २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. विजेतेपद चर्चिल ब्रदर्सने नेलं. पुण्यात फुटबॉल रुजतोय असं वाटायला लागलं होतं. २०१४-१५ नंतर तो क्लबही लीगमधून बाहेर पडला.

पुण्याहून पेरेरा परत आपल्या साळगावकरमध्ये गेले. जिथे खेळले तिथेच कोच. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलची नवी मांडणी आली, आयएसएलला वरचा दर्जा देण्याचं ठरलं. त्याच्या निषेधात गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली. त्यात साळगावकरही होता.

एका माणसाच्या कारकिर्दीतले हे तीन मुक्काम. मुंबईचा क्लब बंद, पुण्याचा बंद, गोव्यातला देशाच्या लीगबाहेर. आपल्या भागात गिरणी बंद पडली, कारखाना बंद पडला की कामगाराचं काय होतं ते आपण बघितलंय. फुटबॉल कोचचंही तसंच होतं, फक्त त्याच्यासाठी गेटवर मोर्चा निघत नाही.

तात्पुरता माणूस

नंतर पेरेरा एफसी गोवाकडे गेले. तिथे ते तांत्रिक संचालक होते. २०२० मध्ये स्पॅनिश कोच लोबेरांना दूर केल्यावर हंगामाचे शेवटचे सामने क्लिफर्ड मिरांडा आणि पेरेरा यांनी सांभाळले. त्या हंगामात एफसी गोवा लीगच्या तक्त्यात पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. तरी पुढच्या हंगामासाठी परदेशी कोच आला.

डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा तेच. कोच हुआन फेरांदो हंगामाच्या मध्यावर कोलकात्याच्या क्लबकडे निघून गेले. घर अर्धवट सोडून गवंडी गेला की जसं शेजारच्याला बोलावतात, तसं पेरेरांना बोलावलं गेलं. हंगाम काही चांगला गेला नाही. पुढच्या मोसमासाठी स्पेनचा कार्लोस पेन्या आला. गंमत म्हणजे तोही एफसी गोवाचाच जुना बचावपटू!

परदेशी कोच नकोतच, असं मी म्हणत नाही. लोबेरांच्या काळातला गोव्याचा खेळ ज्यांनी बघितला, ते कधीच तसं म्हणणार नाहीत. आणि कंपन्यांनी तोटा किती वर्षं सोसायचा, हा प्रश्नही खरा आहे. कूपरेजला रिकाम्या गॅलऱ्या मीच बघितल्यात. प्रेक्षक म्हणून आपणही क्लब जगवले नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या माणसाला आपण अडचणीच्या वेळी हाक मारतो आणि अडचण सरली की त्याला बाजूला करतो. मग दहा वर्षांनी विचारतो, आपल्याकडे चांगले कोच का तयार होत नाहीत?

क्लब गेला, माणसं राहिली

आता दुसरी बाजू. महिंद्रा बंद झाला, पण त्यातून निघालेली माणसं कुठे आहेत बघा. खालिद जमील त्या वर्षांत महिंद्राचे खेळाडू होते. दुखापतींनी त्यांना फार खेळू दिलं नाही. २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे कोच झाले आणि कमी पैशांतला तो संघ २०१६ पर्यंत दरवर्षी खालच्या दर्जात घसरण्यापासून वाचवत राहिले. ते खेळले मिडफिल्डमध्ये, पण हे काम पक्क्या बॅकचं होतं. ते गेले, त्याच्या पुढच्याच हंगामात मुंबई एफसी खाली गेला.

खालिद तेव्हा मिझोरामच्या आयझॉल क्लबकडे होते. हा क्लब आदल्या वर्षी घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे जागा रिकामी झाली, म्हणून त्याला परत घेतलं गेलं. त्याच आयझॉलने २०१७ मध्ये आय-लीग जिंकली! पुढे नॉर्थईस्ट, जमशेदपूर असं करत ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०११-१२ मधल्या साव्हियो मदेरांनंतर या पदावर आलेले ते पहिले भारतीय. जमशेदपूरमध्ये त्यांच्याबरोबर प्रशिक्षकांच्या चमूत कोण होतं? महिंद्राचाच स्टीव्हन डायस. आणि गोव्यातले क्लिफर्ड मिरांडा? २०२३ मध्ये त्यांनी ओडिशाला सुपर कप जिंकून दिला.

ही सगळी पेरेरांची कमाई, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. या प्रत्येकाचे अनेक गुरू असतील. पण एक गोष्ट यातून दिसते. ट्रॉफ्या कपाटात गेल्या, क्लबांच्या पाट्या उतरल्या, मैदानं भाड्याने गेली. जे शिकले आणि ज्यांनी शिकवलं, ते मात्र टिकले.

खालिद यांची निवड झाली त्या दिवशी माझा फोन मेसेजने भरून गेला होता. 'आपला माणूस', 'माशाअल्लाह', झेंड्याचे स्टेटस. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण ऑक्टोबरमध्ये गोव्याच्याच मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ ने हरला, आशिया चषकाची वाट बंद झाली, तेव्हा तेच ग्रुप चिडीचूप. काहींनी तर शिव्याही घातल्या. मोठ्या खुर्चीवर आपलं नाव दिसलं की आपण खूश होतो. तिथे पोचायला लागलेली सोळा वर्षं आपल्याला बघायची नसतात. रहीमसाहेबांवर सिनेमा आला तेव्हाही असंच झालं. १९६२ च्या सुवर्णपदकाचे गोडवे आपण गायले. पण सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर होते, ही गोष्ट किती जणांनी मनावर घेतली?

वस्ताद कुठे आहे?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, तालीम आणि वस्ताद. दोन्ही अरबी-फारसीतून आले आणि मराठी मातीत असे मुरले की आता कुणाला परके वाटत नाहीत. तालीम म्हणजे शिक्षण, आणि मराठीत कुस्तीचा आखाडाही. उस्तादचा झाला वस्ताद. आपल्या पूर्वजांना हे कळत होतं की शिकवणारा नसेल तर आखाडा म्हणजे नुसती लाल माती.

कोल्हापुरात जाऊन बघा. तिथले फुटबॉल संघ म्हणजे तालमी आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी होते, ती बघून भल्याभल्या कंपन्यांच्या क्लबांना हेवा वाटेल. हे संघ पेठांचे आहेत, म्हणून कुठल्या संचालक मंडळाच्या ठरावाने बंद पडत नाहीत. त्यांचीही मर्यादा आहे. देशाच्या लीगपर्यंत ते पोचले नाहीत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवलाही घडण्यासाठी गाव सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. पण संघ गावाचा असेल तर तो टिकतो, एवढं कोल्हापूरने दाखवून दिलंय. त्यात शिकलेला कोच मिळाला, तर पुढची वाटही सापडेल.

आमच्या तालुक्यातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तानसाचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं, तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला जातं. जाडजूड पाइप आमच्या गावांच्या कडेने जातात आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. सरकारने काय करायला हवं यावर मी या आधी लिहिलंय, पुन्हाही लिहीन. पण फुटबॉलच्या बाबतीत कुणाकडे बोट दाखवू? इथे तर पैसे आमचे, पोरं आमची, मैदान आमचं. दोन रात्रींत सगळं वाहून जाऊ द्यायचं की थोडं अडवायचं, हे ठरवणारेही आम्हीच. आणि अडवू या म्हणणाऱ्याला मी खाली बसवलं.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षकांच्या शिडीत डी लायसन्स ही खालची पायरी. मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी लायसन्स घेतलेला माणूस काही लगेच भारताचा कोच होत नाही. पण बारा वर्षांच्या पोराला पाय कसा ठेवायचा, पडायचं कसं, दुखापत झाली तर थांबायचं कधी, हे तो सांगू शकतो. आमच्याकडे दरवर्षी कुणाचा तरी गुडघा जातो आणि त्याचा खेळ विसाव्या वर्षी संपतो. हळद-चुन्याचा लेप लावून आम्ही ते नशिबावर ढकलतो. ट्रॉफीची उंची वाढवून तो गुडघा बरा होणार नाही.

पुढची मिटिंग

परवा तो पोरगा आटगाव स्टेशनबाहेर भेटला. मी त्याला चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "माझं चुकलं. कोर्सची फी मी भरतो. कुणाला सांगायची गरज नाही."

त्याने मान हलवली. म्हणाला, "नको चाचा. तुमचे पैसे घेतले तर मी तुमचा माणूस होईन. मंडळाने दिले तर मंडळाचा कोच होईन. उद्या मी एखाद्या पोराला म्हटलं, आज तू खेळायचं नाहीस, तुझा पाय दुखतोय, तर माझं ऐकायला तर पाहिजे ना सगळ्यांनी?"

बावीस वर्षांच्या पोराला हे कळलं होतं, मला कळलं नव्हतं. कोचला पगाराच्या आधी अधिकार लागतो, आणि तो सगळ्यांनी मिळून द्यावा लागतो. पेरेरांना अडचणीच्या वेळी काम दिलं गेलं, पण तो अधिकार किती वेळा आणि किती काळासाठी दिला गेला?

येत्या जुम्याला नमाजनंतर पुन्हा मिटिंग आहे. बॅनर छापायला गेलेला नाही, ट्रॉफीची ऑर्डर अजून व्हायची आहे. पहिलं बक्षीस निम्मं करा, उरलेल्या पैशांतून मंडळाच्या नावाने या पोराची फी भरा, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. विरोध होणार हे मला माहीत आहे. विरोध करणाऱ्यांकडे माझंच गेल्या शुक्रवारचं वाक्य आहे, ते मला ऐकवलं जाईल. गाव जमतं, नाव होतं.

ऐकून घेईन. पण या वेळी त्या पोराच्या शेजारी, मागच्या रांगेत बसेन.